पटकीचे विष

एके काळी पटकीची साथ आली म्हणजे गावेच्या गावे ओस पडत. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य रात्रीपर्यंत मृत्यूच्या दारी जाऊन पोहोचे. इ. स. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्ता येथे या रोगाचे स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू ओळखले. परंतु एवढासा जंतू शरीरातील पाणी कसे उपसून काढतो, हे कोडे पुढे अनेक वर्षे तसेच राहिले.

१९५९ मध्ये कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी त्याचा उलगडा केला. ज्यात हे जंतू वाढविले होते, तो द्रव त्यांनी जंतू गाळून सशाच्या आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. अनर्थाचे मूळ जंतूने स्रवलेल्या विषात आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

या विषाची रचना मोठी विलक्षण आहे. त्याच्या रेणूत प्रथिनाचे सहा भाग असतात. त्यांपैकी पाच एकसारखे असून त्यांचे एक कडे बनते. सहावा भाग त्या कड्यावर बसलेला असतो. कड्याचे पाचही भाग आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतात. एकाची पकड सैल झाली, तरी इतर चार सुटत नाहीत. मग पेशी स्वतःच हे विष आत ओढून घेते. आत सहाव्या भागाचा एक तुकडा सुटा होतो आणि खरा घात तोच करतो. क्षार बाहेर सोडण्याची पेशीची जी कळ एरवी गरजेपुरतीच चालते, ती तो सतत चालू ठेवतो. क्षारांमागोमाग पाणी वाहू लागते. तीव्र विकारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाते. कडे घात करू शकत नाही आणि तुकड्याला एकट्याने पेशीत शिरता येत नाही. दोहोंचा संयोग मात्र प्राणघातक ठरतो.

तथापि हे विष पेशीला फसविते, मारीत नाही. साखर व मीठ बरोबरीने शोषून घेण्याचे तिचे दुसरे दार उघडेच राहते. त्यांच्यासंगे पाणीही आत येते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना साखर-मिठाचे पाणी पाजले आणि असंख्य जीव वाचविले. जुलाब होताच आज घरोघरी दिले जाणारे साखर-मिठाचे पाणी याच उघड्या दारातून शरीरात शिरते.