जाईला शेजार तगरीचा

मैत्रिणींनो, वेल लावली की आपण लगेच खिळा, सुतळी नाही तर तार शोधायला लागतो. मीही तेच केलं. पिंपरी पेंढारच्या आमच्या घरी माहेरून आणलेली जाई मी खिडकीच्या गजाला तारेनं आवळून बांधली. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी खोड जाड झालं, तार सालीत रुतली आणि तिच्या वरचा सगळा भाग वाळून गेला. आईच्या हातची जाई! बुडाशी फुटवे आले म्हणून वाचली इतकंच.

चूक कुठं झाली, हे मला कुंपणावरच्या रानजाईनं शिकवलं. पावसाळा सरला की ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना झुडपांवर तिची पांढरी फुलं दिसतात. कोणी तिला मोरवेल म्हणतात. नावात जाई असली तरी ती जाईच्या कुळातली नव्हे. इंग्रज लोक ज्याला क्लेमॅटिस म्हणतात, त्यातली ती. पानाच्या देठानं काटकीला विळखा घालत ती शेजारच्या झुडपावर चढते. (मुलांना मात्र तिची पानं चुरगळू देऊ नका. रसानं कातडीवर फोड येतात.)

विलायतेत या क्लेमॅटिसच्या काही जातींना चढताच येत नाही. मग तिकडे त्यांना गुलाबासारख्या झुडपाशेजारी लावतात, म्हणजे त्या त्याच्या अंगावर रेलून फुलतात. त्यांना कडक हिवाळा लागतो. चित्रं पाहून त्यांच्यावर पैसे घालवू नका. पण युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे, कारण आपली जाईही तशीच! तिला ना ताणे, ना विळखा घालणारे देठ. लांब फांद्या टाकायच्या आणि मिळेल त्यावर अंग टाकायचं, एवढंच तिला येतं.

तिला सोबत कुणाची द्यावी? माझ्या मते तगरीची. ती बारमाही हिरवी, पुरुषभर उंच होणारी आणि छाटणी सोसणारी. शिवाय बिनकाट्याची. बोगनवेलीत जाई सोडली, तर पहाटे कळ्या काढताना हात ओरबाडून निघतात.

आधी तगर लावा. तिला वर्षभर जम बसू द्या. मग पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्यापासून दोन-अडीच फुटांवर, ऊन येतं त्या बाजूला जाई लावा. अगदी बुडाशी लावलीत तर मुळांची भांडणं व्हायची. आळी दोन वेगळी करा आणि त्यांत पालापाचोळा पसरा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी कमी लागतं. सुरुवातीला जाईच्या दोन-तीन फांद्या तगरीवर नेऊन ठेवा. बांधायचंच झालं तर जुन्या साडीची पट्टी घ्या, ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा आणि दर पावसाळ्यात सोडून पुन्हा बांधा.

अंगण नसेल तर गच्चीत दोन मोठ्या कुंड्या शेजारी ठेवा. एकाच कुंडीत दोघींना कोंबू नका.

डिसेंबर-जानेवारीत जाई निम्म्यावर छाटा. जीव कळवळतो, पण तिला फुलं येतात ती नव्या फुटीवर. छाटली नाही तर ती तगरीला झाकून टाकते, आणि मग आधारच मरायला टेकतो. तगरीलाही त्याच वेळी हलका हात द्या.

आता एक मोलाची सूचना. आमचा जुन्नर भाग बिबट्यांचा. घराभोवती दाट झुडपं वाढू देऊ नका, असं वनखातं सांगत असतं, ते उगीच नव्हे. म्हणून ही जोडी दारा-खिडकीला चिकटून लावू नका. जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या फांद्या काढून बूड मोकळं ठेवा. पलीकडचं स्वच्छ दिसलं पाहिजे. तुमच्या गावात बिबट्या नसेल, पण साप-विंचू तर असतातच ना? फुलं काढायला जायचं ते उजाडल्यावरच, आणि मुलांना एकटं पाठवायचं नाही.

माझी जाई आता तगरीवर आहे. तारेची खूण खोडावर अजून दिसते. पण या पावसाळ्यात देवाला वाहून उरलेल्या फुलांचा गजरा रोज झाला. तुमच्याकडे तार असेल तर आजच जाऊन बघा, रुतली तर नाही ना?