नवा बांधणारा आणि अडलेले गाठोडे



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारी दिवेलागणीला एका गुरुजींचा फोन आला. आवाज अगदी उतरलेला. गुरुजी चौथीचा वर्ग घेतात आणि फावल्या वेळात त्यांनी मुलांसाठी पाढ्यांच्या चाचणीचे एक पान तयार केलेले आहे. शाळेतल्या एका संगणकावर ते ठेवलेले असते आणि मुले चार टॅबांवर ते उघडून उत्तरे देतात. "दादा," गुरुजी म्हणाले, "सोमवारी पोरांची चाचणी आहे. दुपारी म्हटलं सगळं नवं करून घ्यावं, म्हणून वेबपॅकची आवृत्ती चारावरून पाचावर नेली. तर आता पान बांधलंच जात नाही. पडद्यावर ४४ चुका दिसतात. माझंच काहीतरी चुकलं असणार. सगळं पुसून पहिल्यापासून लिहू का?"

मी म्हटले, "गुरुजी, काहीएक पुसू नका. चहा घ्या, आणि त्यातली पहिली चूक तेवढी मला वाचून दाखवा."

त्या संध्याकाळच्या या उलगड्याविषयीच आज बोलायचे आहे. शाळेचे, वाचनालयाचे, दूधसंस्थेचे पान स्वतः तयार करणारी हौशी मंडळी आता गावोगाव आहेत, आणि गुरुजींवर आला तो प्रसंग त्यांच्यावरही कधी ना कधी येतोच.

आधी वेबपॅक म्हणजे काय ते पाहू. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले काम एका फायलीत नसते. थोडे आपण लिहितो, बरेचसे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार आणतो, त्या दुसऱ्यांनी तिसऱ्यांचे आणलेले असते. ब्राउझरकडे पाठवण्यापूर्वी हे सगळे गोळा करून एक गाठोडे बांधावे लागते. ते बांधणारा हा कारागीर. टोबियास कॉपर्स यांनी २०१२ साली तो लिहायला घेतला.

आता एखादे वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. घरात स्वयंपाकाला पाटा-वरवंटा असतो, जाते असते. जानवसघरी यातले काही नसते. सामान बांधणारा जुना माणूस मोठा प्रेमळ होता. तुमच्या यादीत 'चटणी' असा शब्द दिसला, की तो न विचारता एक पाटा गाठोड्यात घालायचा. तुम्हाला वाटे, जानवसघरी सगळे आपोआप मिळते! गाठोडे जड का, याचा मात्र कोणाला पत्ता नसे.

वेबपॅकची चौथी आवृत्ती हेच करीत होती. नोड नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यात जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर, सरळ संगणकावर चालते. क्रिप्टो, स्ट्रीम, बफर, पाथ अशी हत्यारे नोडच्या घरी तयार असतात. ब्राउझरच्या जानवसघरी ती नसतात. कोणी त्यांचे नाव घेतले, की जुना वेबपॅक त्यांच्या जागी बदली हत्यार गुपचूप भरून देई. १० ऑक्टोबर २०२० रोजी पाचवी आवृत्ती आली आणि तिने हा रिवाज बंद केला. नवा बांधणारा म्हणतो, पाटा हवा असेल तर यादीत तसे लिहा. मी आपल्या मनाने वजन वाढवणार नाही.

मला विचाराल तर त्याचे बरोबर आहे. पण शनिवारी संध्याकाळी गुरुजींना हे सांगून काय उपयोग!

गुरुजींनी पहिली चूक वाचली: 'मॉड्यूल नॉट फाउंड, कान्ट रिझॉल्व्ह क्रिप्टो.' म्हणजे क्रिप्टो नावाची वस्तू सापडत नाही. अशा ओळीत दोन गोष्टी असतात, आणि घाबरलेला माणूस पहिलीच वाचतो. दुसरी गोष्ट म्हणजे ती वस्तू कोणत्या फायलीने मागितली त्या फायलीचा पत्ता. पत्ता नोड-मॉड्यूल्स या फोल्डरातला असेल, तर मागणारे तुम्ही नव्हे, तुम्ही आणलेले कोणाचे तरी पॅकेज आहे. गुरुजींच्या पडद्यावर तसेच निघाले. मग ४४ चुका पुन्हा चाळल्या, तर तेच क्रिप्टो आणि त्याच्या पाठोपाठ स्ट्रीम, एवढी दोनच नावे निरनिराळ्या फायलींतून फिरून फिरून येत होती. गुरुजींनी स्वतः लिहिलेल्या एकाही ओळीत चूक नव्हती.

(पत्ता तुमच्या स्वतःच्या फायलीचा असेल तर आधी नावातली लहान-मोठी अक्षरे पाहा. विंडोजवर चालणारे नाव लिनक्सवर अडते, ते पुष्कळदा एवढ्याचमुळे.)

पॅकेज कळले, पण ते आपल्या घरात शिरले कोणाचा हात धरून? 'एनपीएम एक्सप्लेन' ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचे नाव दिले, की सगळी वंशावळ समोर येते. गुरुजींनी प्रत्येक मुलाच्या उत्तरपत्रिकेला वेगळा क्रमांक देण्यासाठी एक जुने छोटे पॅकेज आणले होते. त्याला क्रिप्टो हवे होते.

इथून तीन वाटा फुटतात. पहिली, त्या पॅकेजची नवी आवृत्ती पाहायची. पुष्कळांनी आता ब्राउझरचा विचार केलेला असतो. दुसरी वाट म्हणजे वेबपॅकच्या सेटिंगच्या फायलीत रिझॉल्व्ह या सदराखाली फॉलबॅक लिहून, 'क्रिप्टोच्या जागी क्रिप्टो-ब्राउझरीफाय घाल' असे सांगायचे. म्हणजे पाटा आपण होऊन यादीत लिहिणे. चालते, पण वजन परत आलेच. तिसरी वाट, त्याच जागी 'फॉल्स' लिहायचे: ही वस्तू नको, रिकामे खोके ठेव. पॅकेजात क्रिप्टोचा नुसता उल्लेख असेल, आपल्या कामात तो भाग कधी चालतच नसेल, तर हे उत्तम. पण तो भाग खरोखर चालत असेल तर गाठोडे बिनतक्रार बांधले जाईल आणि पान ऐन वेळी ब्राउझरात मोडून पडेल. तिथे 'फॉल्स' लिहून सुटका करून घेणे म्हणजे दुखणे शनिवारवरून सोमवारवर ढकलणे. गुरुजी नेमके तेच करायला निघाले होते, मीच त्यांना थांबवले. बांधणी झाल्यावर ब्राउझरात 'प्रोसेस इज नॉट डिफाइन्ड' अशी तक्रार दिसते तीही याच घराण्यातली; नोडच्या घरची आणखी एक वस्तू कोणी तरी गृहीत धरलेली असते.

गुरुजींच्या बाबतीत आम्ही चौथीच वाट धरली. क्रमांक पाडायला पॅकेज हवेच कशाला? ब्राउझरला आता स्वतःचे क्रिप्टो आहे. ते जुने पॅकेज काढले, एक ओळ लिहिली, आणि ४४ पैकी ४४ चुका गेल्या.

या ४४ चुका दिसण्याआधीही दुपारी बांधणी एकदा अडली होती. तेव्हा पडद्यावर एकच तक्रार होती, 'इनव्हॅलिड कॉन्फिगरेशन ऑब्जेक्ट.' ही ऐकायला भारी, पण स्वभावाने गरीब. सेटिंगच्या फायलीतला एखादा शब्द नव्या आवृत्तीला ओळखीचा नाही, एवढाच तिचा अर्थ, आणि कोणते शब्द चालतात तेही ती खाली छापून देते. गुरुजींनी कधीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेली 'एफएस: एम्प्टी' ही ओळ नोड या सदराखाली होती. पाचव्या आवृत्तीत ती चालत नाही. ती गुरुजींनी तेव्हाच पुसली होती.

४४ चुका गेल्यानंतर पान पाहण्यासाठीचा डेव्ह-सर्व्हर अडला. 'वेबपॅक-सीएलआय मधील कॉन्फिग-यार्ग्ज सापडत नाही,' असे म्हणू लागला. हा सोबत्यांचा बेबनाव. मुख्य माणूस आणि सीएलआय नवे आणि सर्व्हर जुना, असे झाले की हे होते. सर्व्हरही नवा आणला आणि जुन्या आज्ञेऐवजी 'वेबपॅक सर्व्ह' अशी आज्ञा दिली. नव्या सर्व्हरने 'कंटेंटबेस' या शब्दाला हरकत घेतली, तिथे 'स्टॅटिक' लिहिले.

आणखी एक चूक सांगून ठेवतो. ती गुरुजींना आली नाही, पण तुम्हाला येईल. तुम्ही वेबपॅकला हातही लावलेला नसतो, तो चौथ्याच आवृत्तीवर असतो. फक्त नवा संगणक आला म्हणून नोड नवे बसवले, आणि 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' असे काहीतरी अगम्य दिसू लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून त्याच्या पोटात ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आहे. तिने एमडी-४ ही जुनी, कमजोर ठरलेली खूणपद्धत अडगळीत टाकली, आणि चौथा वेबपॅक फायलींवर खुणा करायला हीच पद्धत वापरतो. जुन्या पद्धतीला मुभा देणारी 'ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' ही सूचना नोडला देता येते. एक दिवस निभवायला ती ठीक. कायमचा उपाय वेबपॅक पाचाच्या अलीकडच्या आवृत्तीवर जाणे हाच, कारण तिथे ही अडचण मिटवलेली आहे.

आता जे मी गुरुजींना अगदी आधी विचारले होते ते सांगतो: "पॅकेज-लॉक नावाची फाइल शाबूत आहे ना?" कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती होती याची ती वही असते. चिडलेला माणूस नोड-मॉड्यूल्सच्या फोल्डरबरोबर हीही उडवतो. फोल्डर खुशाल उडवा, वही नको. गुरुजींनी शुक्रवारची प्रत गिटमध्ये ठेवली होती, वहीसकट. म्हणजे काहीच जमले नसते तरी ती प्रत परत आणून 'एनपीएम सीआय' म्हटले की वहीत लिहिले आहे तेवढे आणि तसेच सगळे पुन्हा बसले असते, आणि सोमवारची चाचणी जुन्या बांधणीवर झाली असती. हा आधार होता म्हणून तर रात्री अकरापर्यंत आम्ही शांतपणे एकेक गोष्ट बदलत बसलो. एक बदल, एक बांधणी, मग गिटमध्ये नोंद. दोन बदल एकदम केले की कोणता लागू पडला ते कळत नाही. औषधासारखेच आहे हे.

रविवारी सकाळी गुरुजींचा पुन्हा फोन. "घरी संगणकावर झकास चाललं. शाळेत येऊन टॅबवर उघडलं तर क्रमांकच पडत नाही!"

हा दोष माझा. मी त्यांना ब्राउझरचे 'रँडम-यूयूआयडी' वापरायला सांगितले होते. ते फक्त सुरक्षित जोडणीवर, नाहीतर ज्या संगणकावर पान ठेवले आहे त्याच संगणकावर मिळते. शाळेतले टॅब साध्या एचटीटीपीने पान मागतात, त्यांना ते दिसतच नाही. 'गेट-रँडम-व्हॅल्यूज' मात्र दोन्हीकडे असते. त्याने चार आकडे घेऊन क्रमांक पाडला, गाठोडे पुन्हा बांधले आणि या वेळी चारही टॅबांवर उघडून पाहिले.

सोमवारी साडेअकराला चाचणी सुरू झाली. सतराच्या पाढ्याला वर्ग नेहमीप्रमाणे अडखळला.