पालखीच्या वाटेवरचे फूल

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघाली की काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडी आणि इंदापूर येथे अश्वांची गोल रिंगणे होतात. वाटेत दारोदारी रांगोळ्या आणि तोरणे असतात. पालखी पुढे गेली की हे सारे पायांखाली जाते. त्याचे कोणाला वाईट वाटत नाही, ते त्यासाठीच मांडलेले असते. या दिवसाला लागणारे फूल आपल्या शेतात वेळेवर कसे आणावे, एवढेच येथे पाहू.

हॉलंडमधील झुंडर्ट या गावी १९३६ पासून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फुलांच्या रथांची मिरवणूक निघते. वाड्यावाड्यांतील लोक डेलियाची शेते स्वतः राखतात, शेवटच्या दोन-तीन दिवसांत फुले तोडून रथांवर टाचतात. एकेका रथाला लाखो फुले लागतात. तेथे रविवार ठरलेला असतो, त्यामुळे कंद केव्हा लावायचे हेही ठरलेले.

आपली अडचण वेगळी आहे. आपला सण तिथीवर चालतो. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आली. गेल्या वर्षीची तारीख धरून झेंडू लावला तर फूल पालखीच्या आधी संपते किंवा पालखी गेल्यावर उमलते. दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला कोण विचारणार?

म्हणून पंचांग पाहून उलटा हिशेब करावा. पालखी एकादशीच्या साधारण दहा दिवस आधी बारामतीत आणि सात दिवस आधी इंदापुरात असते. झेंडूचे रोप २५ ते ३० दिवसांत लागवडीला येते. लागवडीनंतर ६० ते ६५ दिवसांनी फुले सुरू होतात. म्हणजे मुक्कामाच्या सुमारे ९५ दिवस आधी बी टाकावे. या हिशेबाने बारामतीसाठी २०२३ मध्ये मार्चच्या मध्यावर, तर २०२४ मध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बी पडायला हवे होते.

हे पीक ऐन उन्हाळ्यात वाढवायचे असते, हे विसरू नये. नीरा डाव्या कालव्याच्या पुच्छभागात मे महिन्यात पाण्याची खात्री नसते, तेव्हा विहिरीला पाणी असेल तेवढेच क्षेत्र धरावे आणि ठिबक वापरावे. रोपे शेडनेटखाली किंवा उसाच्या पाचटाच्या मांडवाखाली करावीत. ६० × ३० सें.मी. अंतराने गुंठ्याला सुमारे ५६० रोपे बसतात. लागवड सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. पाने फिकट पडून बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी समजावा. पाण्याचा ताण पडलेल्या झाडांवर तो अधिक माजतो.

शेंडा खुडल्याने फांद्या आणि फुले वाढतात, पण बहर काही दिवस पुढे जातो. लागवड लवकर झाली असेल तरच खुडावे, उशीर झालेल्या प्लॉटला हात लावू नये. सर्व क्षेत्र एकाच दिवशी न लावता आठ दिवसांच्या अंतराने दोन टप्पे केल्यास चुकलेला अंदाज सावरता येतो.

पूर्ण उमललेली फुले पहाटे उन्हाआधी तोडून सावलीत ठेवावीत. पावसात भिजलेली फुले निथळल्याशिवाय करंडीत भरू नयेत, लवकर कुजतात. तुटक्या देठाची फुले हारातून बाद होतात, पण त्यांच्या पाकळ्या रांगोळीला चालतात.