नाइफच्या पुढचा 'के' कुठे गेला?

इंग्रजीच्या तासाला 'नाइफ' लिहायला सांगितलं, की कितीतरी मुलं सरळ 'एन'पासून सुरुवात करतात. कानाला 'न' ऐकू आला, तर 'न'च लिहिणार ना! मग वहीत लाल खूण होते आणि शब्दाच्या पुढे एक 'के' येऊन बसतो. हाच 'के' आणखी कुठे कुठे दिसतो बघा. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणं, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणं, नॉक म्हणजे दार ठोठावणं, नीड म्हणजे कणीक मळणं आणि नो म्हणजे जाणणं. प्रत्येकात आधी 'के', मग 'एन', आणि 'के'चा आवाज मात्र कुठेच नाही.

हा 'के' कुणी चुकून लिहिलेला नाही, बरं का! तो एके काळी चांगला खणखणीत ऐकू यायचा. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधली माणसं सुरीला 'क्नीफ' म्हणायची आणि गाठीला 'क्नोत्ता'. आता तुम्ही 'क्नीफ, क्नीफ, क्नीफ' असं भरभर म्हणून बघा. 'क्' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला लागतो आणि लगेच 'न'साठी जिभेचं टोक पुढे दातांमागे न्यावं लागतं. शब्द सुरू होताच एवढी धावपळ! पिढ्यान् पिढ्या बोलता बोलता तो 'क्' पुसट होत गेला आणि साधारण 1700 पर्यंत बहुतेक इंग्रजांच्या बोलण्यातून गेलासुद्धा.

मग लिहिण्यातून का नाही गेला? कारण तोवर छापखाने आले होते. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 च्या सुमारास लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. तेव्हा लोक 'क्' म्हणत होते, म्हणून पुस्तकांतही 'के' छापला गेला. छापलेलं स्पेलिंग हळूहळू पक्कं झालं आणि बोलणं मात्र बदलत राहिलं.

जर्मन भाषा ही इंग्रजीची जवळची बहीण. तिच्यात हा 'क्' अजून जिवंत आहे. जर्मन मुलगा पडला आणि त्याचा गुडघा फुटला, तर तो आजही 'क्नी' दुखतोय असंच सांगतो.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत आवडते ती नाइट आणि नेव्ह यांची जोडी. नाइट म्हणजे रात्र नव्हे हं, 'के'वाला नाइट, चिलखत घालून घोड्यावर बसणारा सरदार. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'क्निख्त' असा म्हणत आणि त्याचा अर्थ होता नुसता 'मुलगा'! पुढे अर्थ झाला 'हाताखालचा पोरगा, सेवक'. मग 'राजाचा सेवक', मग 'राजाचा लढवय्या' असं करत करत तो शब्द मानाच्या पदवीपर्यंत पोचला. रवींद्रनाथ टागोरांना 1915 मध्ये मिळालेली 'सर' ही पदवी म्हणजे हाच नाइटचा मान. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर, 1919 मध्ये, त्यांनी तिचा त्याग केला. नेव्ह या शब्दाचाही मूळ अर्थ 'मुलगा'च. तोही आधी 'सेवक' झाला, पण पुढे त्याची घसरण झाली आणि अर्थ उरला 'लबाड माणूस'. पत्त्यांमध्ये मात्र जुना सेवक शिल्लक होता. राजा, राणी आणि त्यांच्या खालचा तो नेव्ह. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागले, तेव्हा किंगचा 'के' आणि नेव्हचे 'के-एन' यांत गोंधळ व्हायला लागला. म्हणून नेव्ह जाऊन 'जॅक' हे नाव रूढ झालं. आपण त्याच पानाला काय म्हणतो? गुलाम! सेवकाचं पान आपल्याकडेही सेवकाचंच राहिलं.

आता आणखी मागे जाऊ या. संस्कृतमध्ये गुडघ्याला 'जानु' म्हणतात. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू, हा शब्द तुम्ही गोष्टींमध्ये वाचला असेल. लॅटिनमध्ये गुडघा म्हणजे 'गेनू', ग्रीकमध्ये 'गोनू', आणि इंग्रजीत एके काळचा 'क्ने'. हे सगळे एकाच घराण्यातले शब्द आहेत! ज्या ग्रिम बंधूंनी हिमगौरीची गोष्ट लिहून ठेवली, त्यांच्यातले याकोब ग्रिम भाषेचे मोठे अभ्यासक होते. लॅटिन आणि ग्रीकमध्ये जिथे 'ग' येतो, तिथे इंग्रजी-जर्मनच्या घरात 'क' येतो, असा नियम त्यांनी 1822 मध्ये मांडला. संस्कृतमध्ये त्या 'ग'च्या जागी 'जानु'सारखा 'ज' येतो, हे लक्षात ठेवून तो नियम लावला की इंग्रजी 'नो' आणि संस्कृत 'ज्ञा' यांचंही नातं जुळतं. दोन्हींचा अर्थ जाणणं. म्हणजे तुमच्या पुस्तकातलं 'नॉलेज' आणि आपलं 'ज्ञान' हे खरोखरचे दूरचे भाऊ आहेत.

आणि 'ज्ञ'चीही एक गंमत ऐका. हे जोडाक्षर ज् आणि ञ यांचं. आपण मराठीत ते 'द्न्य' असं म्हणतो, हिंदी बोलणारे 'ग्य' म्हणतात आणि गुजराती बोलणारे 'ग्न'. अक्षर आपण जुनंच लिहितो, पण बोलतो ते निराळंच!

आज घरी किंवा शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजी शब्दकोश उघडा. 'के'च्या पानांत जिथे दुसरं अक्षर 'एन' आहे तिथे जा. तिथले शब्द 'क्'सकट मोठ्याने वाचा आणि त्यांचे अर्थ वहीत उतरवा. ते झालं, की 'जी' आणि 'एन' एकत्र येणारे शब्द शोधा. नॉ म्हणजे कुरतडणं आणि नॅट म्हणजे चिलट, हे दोन तर नक्की सापडतील. त्यांतला 'ग्'सुद्धा एके काळी मोठ्याने म्हटला जायचा.