जुगाराच्या पेटीत कॅरमच्या सोंगट्या

आमच्या शुक्रवार पेठेतला एक मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला आहे. सुट्टीवर येताना त्याने मंडळासाठी एक पेटी आणली. कोणा पाहुण्याने टाकून दिलेली ही ॲल्युमिनियमची पेटी वरून वकिलाच्या बॅगेसारखी दिसत होती. आत काळा फोम, आणि फोममध्ये सहा लांब खाचा. ती पोकरच्या चिप्सची पेटी होती. चिप्स म्हणजे बटाट्याचे वेफर्स नव्हेत. पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी ज्या रंगीत चकत्या मांडतात, त्या. चकत्या नव्हत्या, पेटी रिकामीच होती. कॅरमच्या सोंगट्या ठेवायला ती बरी, असे पोरांना वाटले.

ज्येष्ठांना मात्र ते रुचले नाही. "जुगाराची पेटी विहारात नको," असे एका आजींनी स्पष्टच बजावले. त्यांच्या बोलण्याला आधार होता. मालकांचा गिरणीतला पगार पत्त्यांत जाताना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता.

शिवाय आमचा कॅरम तरी कुठे स्वच्छ राहिला होता? रात्री दहानंतर डावामागे दहा-दहा रुपये लागत होते. आम्हांस ते ठाऊक होते आणि आम्ही काणाडोळा करीत होतो, हे कबूल केलेच पाहिजे. सोंगट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, बोरिक पावडरीत लोळत पडलेल्या. एकदा स्पर्धेला गेलो तर एक काळी सोंगटी कमी भरली. दुसऱ्या सेटमधली घातली, ती जाड निघाली, समोरच्यांनी हरकत घेतली. हरवली कोणी यावरून आमच्याच पोरांत जुंपली. कोणाच्या पैजेत ती गेली, असेही बोलले गेले. बोर्ड कायमचा बंद करावा, अशी मागणी त्यानंतरच पुढे आली.

पंचशीलात जुगाराचे नाव घेतलेले नाही, म्हणून कोणी तो चालतो असे समजू नये. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणास संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत. त्यांत जुगार आहे. त्याचे तोटेही सहाच सांगितले आहेत. जिंकणाऱ्याला वैरी मिळतात. हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो. असलेले धन जाते. सभेत शब्दाला किंमत राहत नाही. मित्र तुच्छ मानतात. आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला पोसणार कसा? यांतील एकही तोटा आमच्या गल्लीला परका नाही.

सरकारचे म्हणाल, तर महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. पण गल्लीतली दहा रुपयांची पैज कोणता कायदा थांबवणार? ती आपणच थांबवली पाहिजे.

आणि बोर्ड बंद करणे हा तरी उपाय आहे काय? कॅरम हा गरिबाच्या पोराला परवडणारा खेळ आहे. १९८८ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी काझिमा हिने तीन सुवर्णपदके जिंकली. बोर्ड बंद केला असता तर आमची पोरे पैजेसाठी दुसऱ्या नाक्यावर गेली असती, एवढेच.

शेवटी आजींनीच तोड काढली. पेटी ठेवा, पण तिचे रूप बदला. आणि त्या दिवसापासून बोर्डावर पैसा दिसता कामा नये. आम्ही मान्य केले.

आता पेटी कशी बदलली ते सांगतो. पोकरची चकती साधारण ३९ मिलिमीटर रुंद आणि ३.३ मिलिमीटर जाड असते. एका खाचेत ५० चकत्या, म्हणजे लांबी १६५ मिलिमीटर. कॅरमची सोंगटी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३१.८ मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर जाड. नऊ काळ्यांचे ८१ झाले, नऊ पांढऱ्यांचे ८१, मिळून १६२. मध्ये ३ मिलिमीटरचा पडदा घातला की हिशेब बरोबर १६५! एका खाचेत एक सेट बसला. दोन बोर्डांच्या दोन खाचा, तिसरीत जादा सोंगट्या, चौथीत राण्या, उरलेल्या दोनांत पुसायची सुती फडकी. पत्त्यांच्या खळग्यात स्ट्रायकर ठेवले. फाशांच्या जागी आता पेन्सिल असते.

रुंदीला मात्र सोंगटी सैल पडून खडखडते. चप्पलच्या सामानाच्या दुकानात ईव्हीएची शीट मिळते. तिच्या ३ मिलिमीटर जाड पट्ट्या खाचेच्या दोन्ही बाजूंस व तळाला चिकटवल्या. सोंगट्या चकत्यांपेक्षा खाली बसतात, म्हणून झाकणाला आतून ५ मिलिमीटरची शीट लावली. झाकण लावले की सोंगट्या दाबून धरल्या जातात. कटरला नवे पाते आणि स्टीलची पट्टी घ्यावी. कापण्याचे काम मोठ्यांनी करावे. रबराचे सोल्युशन दोन्ही बाजूंस पातळ लावून, हाताला चिकटेनासे झाले की दाबावे. मग रात्रभर पेटी उघडी ठेवावी, वास जातो. थर्मोकोल वापरू नये, तो सोल्युशनने विरघळतो. गादीचा स्पंजही नको. काही वर्षांत पिवळा पडून त्याचा भुगा होतो आणि सोंगट्यांना चिकटतो. बोरिक पावडर वेगळ्या डबीत ठेवावी.

अशी पेटी मिळाली नाही तरी अडत नाही. पत्र्याची किंवा हत्यारांची प्लॅस्टिकची पेटी चालते. १० मिलिमीटरच्या दोन शीट एकावर एक ठेवून ८२ मिलिमीटर लांब व ३२ रुंद खाच कापा. तीत नऊ सोंगट्या उभ्या बसतात, आणि वरचा भाग चिमटीत धरायला मोकळा राहतो. आमच्या पोरांनी आठवडाभर लावलेल्या पैजांच्या पैशात हे सारे सामान आले असते.

झाकणाच्या आत आम्ही मोठ्या अक्षरांत '१९' लिहिले आहे. नऊ, नऊ आणि राणी. रिकामी खाच लगेच डोळ्यांत भरते. रात्री साडेनऊला दोन मुले मोजून वहीत सही करतात आणि पेटी आजींच्या घरी जाते. पेटीच बोर्डावर नसल्याने दहानंतरचा डाव आपोआप बंद झाला. चोरून कोठे पैज लागतच नसेल, असा दावा आम्ही करीत नाही. पण विहाराच्या बोर्डावर ती लागत नाही, आणि परवा एक मुलगी प्रथमच खेळायला बसली. पैशाचा डाव होता तोवर तिच्या आईने तिला तिकडे फिरकू दिले नव्हते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या मंडळातल्या सोंगट्या येत्या रविवारी वंदनेनंतर एकदा मोजून पाहा. कमी भरल्या, तर पोरांना रागावण्याआधी त्यांना एक पेटी करून द्या. जयभीम!