तेल्या ही बुरशी नाही हो!

आभाळ भरून आलं की सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत डाळिंबाच्या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : "तेल्या दिसतोय, बुरशीनाशकाचा एक हात मारून घेऊ." मागच्या पावसाळ्यात एका ओळखीच्या बागायतदाराने शेडमधला रिकाम्या पाकिटांचा ढीगच दाखवला. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, पुन्हा कार्बेन्डाझिम. "साहेब, एवढं मारलं तरी डाग वाढतातच कसे?"

वाढणारच. तेल्या हा झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. आपल्या देशात त्याची पहिली नोंद 1952 साली दिल्लीत झाली, तेव्हा ही काही कालची बातमी नव्हे. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतलं एक विशिष्ट प्रथिन धरून पेशींचं विभाजन थांबवतं. ते प्रथिन या जिवाणूत नसतंच. मग पाकिटं चार मारा नाहीतर चाळीस.

पटत नसेल तर डागाचं पान तोडा आणि उन्हाकडे धरा. काळपट डागाभोवती पाणी मुरल्यासारखी कड दिसेल, कागदाला तेलाचं बोट लागावं तशी. फळावर तोच डाग इंग्रजी 'एल' किंवा 'वाय'सारखा तडकतो. बुरशीच्या डागाला अशी ओली कड नसते. आणखी खात्री हवी असेल तर डागाचा ताजा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा : कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोट धुरासारखा बाहेर पडताना दिसतो.

"पण बोर्डोने फरक पडतो की!" पडतो, नाही कोण म्हणतं? बोर्डोतलं तांबं जिवाणूलाही मारतं, म्हणून तर छाटणीनंतर एक टक्का बोर्डोची शिफारस असते. मात्र तांबं पानाच्या वरवर राहतं. आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाही, त्यामुळे डाग दिसल्यावर केलेली धावपळ उशिराचीच. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचं म्हणाल, तर त्याच्या सततच्या वापराने जिवाणू औषधाला सरावतात. माणसांच्या आजारावरची औषधं शेतात उधळू नयेत म्हणून केंद्रीय कृषी मंत्रालयाने 2021च्या डिसेंबरात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनवर शेतीसाठी बंदी आणण्याचा मसुदा आदेश काढला होता.

मग तेल्या बागेत येतो कुठून? पावसाचे शिंतोडे आणि वारा त्याला झाडावरून झाडावर नेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण आपल्या हातांनी नेतो, ते मात्र कोणी मनावर घेत नाही. रोगट बागेतली गुटी स्वस्तात मिळाली म्हणून आणायची, रोगट फांदी छाटलेली कात्री तशीच पुढच्या झाडाला लावायची, गळलेली फळं बुंध्याशी कुजू द्यायची. आणि वर मृग बहार धरायचा! त्या बहाराचं फळ नेमकं पावसात पोसतं. सोलापुरात 2005 पासून खास डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेल्याच्या बागेत मृग टाळा, हस्त बहार धरा आणि तोडणीनंतर झाडांना तीन-चार महिने विश्रांती द्या, हा तिथला सल्ला फुकट आहे. बहुतेक त्यामुळेच तो कोणी घेत नसावा.

बाकीच्या समजुतींचा निकाल दोन-दोन ओळींत लागतो. डोस दुप्पट केला की गुण लवकर येतो? पानं करपतात आणि रेसिड्यूपायी निर्यातीचा माल नापास होतो. निंबोळी अर्क सगळ्यावर चालतो? तो किडींची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. तेल्यावर तो इलाज नाही. पिवळे सापळे लावले म्हणजे मावा-पांढरी माशी संपली? सापळ्याने कीड किती आहे ते कळतं, तेवढंच. फळातला रस शोषणाऱ्या पतंगासाठी डाळिंबावर अळीनाशक? त्याची अळी बांधावरच्या गुळवेलीवर वाढते, पतंग फक्त रात्री फळाला येतो.

यंदा छाटणीची टोळी बोलवाल तेव्हा बांधावर आधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची बादली ठेवा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री त्यात बुडवायला लावा. टोळीवाले वेळ जातो म्हणून कुरकुर करतील. करू द्या.