नसलेला कॅमेरा

सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या शाळेत मुलं बसली आहेत आणि गणिताचे गुरुजी गोंदियाहून ऑनलाइन तास घेत आहेत, असं धरू. गुरुजी भागाकार मांडतात. वर्गात असते तर वरचा आकडा खाली घेताना त्यांनी त्यावर बोट टेकवलं असतं आणि त्याच क्षणी वळून पाहिलं असतं, की कोणाच्या कपाळावर आठी आहे. मुलांनाही बोट आणि चेहरा एकत्रच दिसला असता. पडद्यावर मात्र निवड करावी लागते, चेहरा तरी दाखवा नाहीतर कागद तरी. स्क्रीन शेअर केली की गुरुजी पोस्टाच्या तिकिटाएवढे होऊन कोपऱ्यात जातात, आणि मोबाइलवर पाहणाऱ्या मुलाला बऱ्याचदा तेवढेही दिसत नाहीत. ही कुचंबणा तंत्राची नाही, असं मला वाटतं. समूह-कॉलची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनी ‘समोर असणं’ म्हणजे ‘चेहरा दिसणं’ एवढंच गृहीत धरलं, त्याची ती किंमत आहे. माणूस आणि तो ज्याविषयी बोलतो आहे ती वस्तू एका नजरेत येते, तेव्हा खरी समोरासमोर भेट होते. ती नजर जोडण्याचा एक स्वस्त आणि पूर्णपणे आपल्या हातातला उपाय म्हणजे आभासी कॅमेरा.

मांडणी साधी आहे. लॅपटॉपचा कॅमेरा चेहरा टिपतो, वहीवर टांगलेला जुना मोबाइल हात टिपतो, तिसरीकडे नकाशा उघडलेला असतो. ओबीएससारखं मोफत सॉफ्टवेअर या तिन्हींचं एक चित्र बनवतं आणि ते झूम किंवा मीटला कॅमेरा म्हणूनच देतं. कॉलच्या सॉफ्टवेअरला वाटतं की एक कॅमेरा जोडलेला आहे, प्रत्यक्षात तिथं तसा कॅमेरा नसतो. दूरदर्शनच्या स्टुडिओत जे काम मोठ्या मिक्सरवर बसलेला माणूस करायचा, ते घरच्या टेबलावर आलं. गोंदियासारख्या टोकाच्या जिल्ह्याला याचं मोल अधिक आहे. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याची हद्द न ओलांडता तेराशेहून जास्त किलोमीटर धावते, आणि एक दिवस उलटून गेल्यावर गोंदियाला पोचते. पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ इथं ‘येऊन जाईल’ हे म्हणणं सोपं, घडणं अवघड. त्यामुळे पडद्यावरची भेट इथं पुष्कळदा एकमेव भेट असते, आणि ती अर्धवट राहणं परवडत नाही.

या नसलेल्या कॅमेऱ्याची वंशावळ शोधत गेलं की मोठ्या कंपन्या फार उशिरा भेटतात. लिनक्सवर ज्याच्या आधारानं हे चालतं, त्या व्ही-फोर-एल-टू-लूपबॅक या छोट्या मॉड्यूलच्या मूळ फाइलीच्या माथ्यावर २००५ ते २००९ या वर्षांसाठी वासिली लेविन यांचं नाव आहे आणि २०१० पासून योहानेस त्समोल्निग यांचं. त्समोल्निग ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेतले. संगीत आणि दृश्यं मंचावर जागच्या जागी घडवता यावीत म्हणून कलावंत जी साधनं वापरतात, त्यांतल्या ‘जेम’चे ते एक प्रमुख विकसक. म्हणजे ऑफिसच्या बैठकांशी किंवा ऑनलाइन वर्गांशी संबंध नसलेल्या एका कलाकारी गरजेतल्या माणसानं ही वाट वर्षानुवर्षं झाडून ठेवली, आणि २०२० मध्ये सगळं जग अचानक तिच्यावरून चालू लागलं. या मॉड्यूलमधली एक खूण तर मला फार बोलकी वाटते. तिचं नाव एक्सक्लुझिव्ह कॅप्स. लूपबॅकचं उपकरण स्वभावतः दुतोंडी असतं, एका तोंडानं चित्र घेतं आणि दुसऱ्यानं देतं. ते दोन्ही गुण एकदम जाहीर करतं, म्हणून क्रोम ब्राउझर त्याला कॅमेरा मानायला तयार होत नसे. ही खूण चालू केली की कोणी चित्र ओतू लागल्यावर ते उपकरण ‘मी फक्त कॅमेरा’ एवढंच सांगतं. परिणाम असा, की आधी ओबीएस सुरू करून मग कॉलमध्ये शिरलं तर कॅमेरा यादीत असतो. क्रम उलटा झाला तर तो यादीतच नसतो, आणि माणूस मशीन बिघडलं म्हणून कपाळाला हात लावतो. मालगुजारी तलावांच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको, तलावात पाणी नसेल तर पाटाचं तोंड उघडून काय उपयोग?

भांडण झालं ते मॅकवर. ओबीएस २०१२ पासून होतं. ह्यू ‘जिम’ बेली यांनी ते सुरू केलं ते मुख्यतः खेळांचं थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी. २०२० च्या वसंतात शिक्षक, वकील, भजनी मंडळं सगळेच कॅमेऱ्यासमोर आले. नेमक्या त्याच वेळी पॅट्रिक वॉर्डल या सुरक्षा-संशोधकानं झूममधली एक फट दाखवली. बाहेरचे कोडचे तुकडे आपल्यात येऊ देण्यासाठी झूमनं मॅकची एक तपासणी बंद ठेवली होती, आणि त्या दारानं एखादा दुष्ट तुकडा आत शिरला तर झूमला मिळालेला कॅमेरा-मायक्रोफोनचा परवाना त्यालाही आयताच मिळत होता. झूमनं दार लावलं. आभासी कॅमेरेही त्याच दारानं येत असत, तेही बाहेर पडले. लोकांनी मग झूमच्या फाइलीवरची स्वाक्षरीच पुसून टाकण्याची युक्ती एकमेकांना सांगितली, म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या दुरुस्तीनं कितीतरी जणांना जास्त असुरक्षित करून सोडलं. पुढच्या काही आवृत्त्यांत झूमनं आभासी कॅमेरे पुन्हा आत घेतले. वॉर्डल यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि फट बुजवायलाच हवी होती. पण बोलणाऱ्यानं आपलं चित्र आपण रचणं ही चैनीची गोष्ट आहे, ती गेली तरी कोणाचं अडत नाही, हा समज त्या घाईत दिसतो. खरा तोडगा नंतर अॅपलनं काढला. अशा कॅमेऱ्यांना कॉलच्या सॉफ्टवेअरच्या पोटात न शिरवता बाहेर स्वतःची वेगळी जागा दिली. दरम्यान ओबीएसनं सप्टेंबर २०२० मध्ये विंडोजसाठी आणि वर्षअखेर मॅक व लिनक्ससाठी आभासी कॅमेरा स्वतःतच आणला.

सगळ्यात गंभीर आक्षेप फसवणुकीचा आहे. कॅमेराच आभासी असेल, तर त्यातून येणाऱ्या चित्रावर विश्वास का ठेवायचा? या प्रश्नाचं मला सापडलेलं सर्वोत्तम उत्तर संगणकवाल्यांचं नाही, ते मुंबईतून निघालेल्या एका खटल्यातलं आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई. या खटल्यात अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती. ते साक्ष द्यायला तयार होते, भारतात यायला नव्हते. खालच्या न्यायालयानं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला परवानगी दिली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा दिली. वाद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ मधल्या एका अटीवर होता. साक्ष आरोपीच्या ‘उपस्थितीत’ व्हायला हवी, मग पडद्यावरची उपस्थिती ही उपस्थिती का? पडद्यावरचं सारं ‘व्हर्च्युअल’, म्हणजे मायावी, असाही युक्तिवाद झाला. न्यायमूर्ती वरियावा यांच्या निकालानं तिथं एक रेघ ओढली. जे अस्तित्वातच नाही ते भासवणं म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा तिच्याशी संबंध नाही, कारण तिथं दुसरीकडे या घडीला खरोखर घडणारं दिसतं. गजबजलेल्या न्यायालयात पिंजऱ्यातून जेवढा साक्षीदार दिसतो त्याहून तो पडद्यावर आरोपीला कदाचित अधिक स्पष्ट दिसेल, असंही निकालात आहे. आणि माझ्या मुद्द्याला सर्वात जवळचं वाक्य पुढेच येतं, की साक्षीदारासमोर कागदपत्रं ठेवून त्याला प्रश्न विचारणं न्यायालयात करता येतं तसंच इथंही करता येईल. न्यायालयाला नुसता चेहरा नको होता. चेहरा आणि कागद समोरासमोर यावेत, कागद पाहताना चेहऱ्यावर काय उमटतं ते दिसावं, हे उपस्थितीच्या अर्थातच धरलेलं होतं.

तीच रेघ आभासी कॅमेऱ्यालाही लावता येते. उपकरण आभासी असलं तरी चित्र खरं असू शकतं. गुरुजींचा चेहरा आणि त्यांचा हात, दोन्ही या क्षणी घडत असतील, तर त्यांना एका चौकटीत बसवण्यात खोटं काही नाही. आधी चित्रित केलेला चेहरा परीक्षेत ‘हजर’ म्हणून फिरवत ठेवला, तर ते रेघेच्या पलीकडे गेलं. पण आभासी कॅमेऱ्यावर बंदी घालून ते थांबत नाही, मोबाइलच्या पडद्यासमोर खरा कॅमेरा धरूनही तेवढीच फसवणूक होते. खात्री माणसाकडूनच करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं २०२० मध्ये न्यायालयांसाठी जे आदर्श नियम तयार केले, त्यांत साक्षीदाराच्या टोकालाही एक समन्वयक ठेवला आहे तो यासाठीच. त्याच नियमांतल्या साधनांच्या यादीत कॅमेऱ्याखेरीज ‘डॉक्युमेंट व्हिज्युअलायझर’, म्हणजे कागदावर वरून रोखलेला कॅमेरा, वेगळा नोंदवला आहे. एका रुक्ष यादीतली ही नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण ती दोन चित्रांची गरज मान्य करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं तर साक्षीसाठी दृकश्राव्य माध्यम कायद्याच्या शब्दांतच आणलं. प्रश्न आता एवढाच उरतो, की ही दोन चित्रं एकत्र पाहण्याची सोय न्यायालयाला मिळते, मग शाळेला का नको?

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की देवरी-सालेकशाकडच्या नेटवर्कवर एक चित्र धड जात नाही, तिथं तीन कशी जाणार? उत्तर उलटं आहे. हात दाखवण्यासाठी बरेच शिक्षक मोबाइलवरून त्याच कॉलमध्ये दुसऱ्यांदा शिरतात. तेव्हा दोन चित्रं वर चढतात आणि माइक चालू राहिला तर आवाज घुमतो तो वेगळाच. आभासी कॅमेऱ्यात जुळणी लॅपटॉपवरच होते आणि रेंजवर भार एकाच चित्राचा पडतो. भार येतो तो लॅपटॉपवर, म्हणून चित्राचा आकार आणि वेग बेतानं ठेवावा, आणि मोबाइल वायफायऐवजी केबलनं जोडावा. दुसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. कॉलची सॉफ्टवेअरं स्क्रीन शेअरमधली अक्षरं जपतात, कॅमेऱ्याचं चित्र मात्र हालचालीसाठी दाबून पाठवतात, त्यामुळे बारीक मजकूर पुसट होतो. पुस्तकाचं पान दाखवायचं तर स्क्रीन शेअरच बरं. आभासी कॅमेरा हातासाठी, जाड मार्करनं चाललेल्या लिखाणासाठी, धानाच्या लोंबीवरची कीड बोटानं दाखवण्यासाठी. स्वतःच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसली तर घाबरून जाऊ नये, तो आरसा फक्त स्वतःपुरता असतो.

या जिल्ह्याला आणखी एक गोष्ट हवी आहे. मराठी, झाडीबोली, पोवारी, हिंदी, गोंडी या भाषा इथं एकाच बाजारात ऐकू येतात. मराठीत बोलणारे डॉक्टर आणि गोंडीत समजावणारी आशाताई एकाच चौकटीत, खांद्याला खांदा लावल्यासारखे दिसले, तर ऐकणाऱ्या बाईला कोण कोणाचं बोलणं सांगतंय ते वेगळं सांगावं लागणार नाही. आज त्या दोन वेगळ्या चौकटी असतात, जो बोलेल तो मोठा होतो, दुसरा सरकून जातो. खुणांच्या भाषेवर अवलंबून असणाऱ्या बहिऱ्या माणसाचं दुःखही हेच आहे, बोलणारा मोठा होतो आणि खुणा करणारे हात पडद्यावरून अनेकदा नाहीसे होतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार आणि नाटकं रात्रभर चालतात. तिथं नट, वाद्यवाले आणि त्यांच्याकडे पाहणारं गाव हे सारं एका नजरेत असतं, आणि कुठं पाहायचं ते पाहणारा ठरवतो. तशी एक नजर पडद्यावर जुळवताना शेवटची अडचण वेळेची येते. मोबाइलचं चित्र लॅपटॉपच्या चित्रामागे किंचित रेंगाळतं, आवाज त्याच्याही आधी पोचतो, आणि शब्द एक नि बोट दुसऱ्याच आकड्यावर असं होतं. यावर उपाय साधा आहे. दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवायची, ती कुठं आधी आणि कुठं नंतर पडते ते पाहायचं, आणि पुढे गेलेल्या चित्राला, नि आवाजही ओबीएसमधूनच कॉलला दिला असेल तर त्यालाही, ओबीएसमध्ये तेवढे मिलिसेकंद मागे ओढायचं. मग पुन्हा टाळी वाजवायची. तिन्ही जुळेपर्यंत.